सुगिमोतो वर्गातच राहिली

दिवाळीत भाची आली होती आठ दिवस राहायला. दहावीला आहे म्हणून पुस्तकांची बॅग सोबत, पण बॅग काही उघडली गेली नाही, कारण पावसाळ्यात तिने माझ्याच सांगण्यावरून 'द ट्वेल्व्ह किंगडम्स' या जपानी अ‍ॅनिमेचे सगळे ४५ भाग बघून संपवले होते आणि आता तिला तो ज्यावरून केलाय ते पुस्तक हवं होतं. मी कपाटातून पहिलं पुस्तक काढून दिलं, इंग्रजी भाषांतराचं हार्डकव्हर, कोपरे मऊ पडलेले, आत बेंगळुरूच्या बसचं एक तिकीट अजून तसंच. ती खिडकीत पाय वर घेऊन बसली. मी आणि ताई आत चकल्या करत होतो, तेलाचा वास घरभर, आणि तासाभराने तिने तिथूनच विचारलं, मावशी, सुगिमोतो कधी जाते गं यात? मी सोऱ्या फिरवता फिरवता म्हटलं, जातच नाही. ते अ‍ॅनिमेवाल्यांनी मागून घातलंय, पुस्तकात योको त्या दुसऱ्या जगात एकटीच जाते. हे सांगताना माझ्या आवाजात जरा तोरा होता, म्हणजे खरी गोष्ट मला माहितीये असा. बाहेर पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, पण आहे की ती, पहिल्याच प्रकरणात, वर्गात आहे. आणि थोडं थांबून, म्हणजे पुस्तकात तिला न्यायला कोणीच आलं नाही. ती वर्गातच राहिली.

एवढंच बोलली आणि पुस्तक उपडं ठेवून चकली खायला आत आली. मी मात्र त्या वाक्यापाशीच अडकले, आणि अजून तिथेच आहे.

मी स्वतः आधी अ‍ॅनिमेच बघितला होता हे सांगायला हवं. इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर होतो तेव्हा कोणाच्या तरी हार्ड डिस्कमधून तो आमच्या खोलीत आला, पिवळ्या सबटायटल्सचा, मधेमधे चित्र अडकणारा. रूममेट आणि मी एकच इयरफोन वाटून घ्यायचो, तिच्या कानात डावा, माझ्या कानात उजवा, रात्री मेसचं जेवण झाल्यावर तीन-तीन भाग. त्याचं सुरुवातीचं संगीत अजून कुठे ऐकलं तरी मला त्या खोलीतला ओल्या टॉवेलचा वास येतो. त्यात गाणं नाही, नुसती वाद्यं, र्‍यो कुनिहिकोचं संगीत, आणि पडद्यावर शाईने काढल्यासारखी चित्रं सरकत जातात. इतर अ‍ॅनिमेंच्या सुरुवातीला कसं सगळे धावत असतात, केस उडत असतात, तसं यात काही नाही. हे म्हणजे कोणीतरी जुनं बाड उघडून बसलंय आणि आता सांगायला सुरुवात करणार, असं वाटायचं. आम्ही दोघी ते कधीच पुढे ढकलायचो नाही, रोज पूर्ण बघायचो.

तेव्हा मला सुगिमोतोबद्दल काही तक्रार नव्हती. ती होतीच गोष्टीत. योको नाकाजिमा, लालसर केसांची, सगळ्यांना हवं तसं वागणारी वर्गाची मॉनिटर. तिचा मित्र असानो. आणि सुगिमोतो, जिच्याशी वर्गात कोणी बोलत नाही आणि जी कायम कुठल्यातरी जादूच्या गोष्टीच्या पुस्तकात डोकं घालून बसलेली. त्या दुसऱ्या जगातला, सोनेरी केसांचा केइकी शाळेत येतो, योकोच्या पायाशी डोकं टेकवतो, मागून राक्षसी पक्षी येतो, काचा फुटतात, आणि योको, असानो आणि सुगिमोतो हे तिघं समुद्रावरच्या चंद्राच्या प्रतिबिंबातून त्या दुसऱ्या जगात जाऊन पडतात. मला वाटायचं हे असंच आहे, असंच लिहिलं असणार.

मग नोकरी लागली, बेंगळुरूला गेले. पीजीमध्ये एक खोली, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. कन्नड येत नव्हतं, ऑफिसात सगळे चांगले होते पण जेवायला आपापल्या गटात बसायचे, आणि शनिवार-रविवार असे जायचे की शुक्रवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये "बाय" म्हटल्यानंतर सोमवारपर्यंत माझा आवाज मीच ऐकलेला नसायचा. घरी फोनवर मी म्हणायचे, मस्त चाललंय. तेव्हा एका मैत्रिणीने अमेरिकेहून येताना हे पुस्तक आणलं, मी कधीतरी सहज बोलले होते ते लक्षात ठेवून. या मालेतली चारच पुस्तकं निघाली इंग्रजीत तेव्हा, २००७ ते २०१० मध्ये वर्षाला एक, २०११ मध्ये तर टोकियोपॉप या प्रकाशकाने अमेरिकेतलं प्रकाशनच थांबवलं. मी ते बसमध्ये वाचायला घेतलं आणि दोन स्टॉप पुढे गेले.

कारण असानो नव्हता. सुगिमोतो नव्हती. योको एकटी होती.

पुस्तकात शाळा मुलींची आहे, त्यामुळे असानोचा प्रश्नच येत नाही. किनाऱ्यावर जाग येते तेव्हा शेजारी कोणीही नाही. केइकी गायब. हातात एक तलवार, जी तिला नको होती, आणि अंगात जोयू नावाचा एक अदृश्य प्राणी, जो लढायची वेळ आली की तिचे हातपाय स्वतः हलवतो. तिला एवढंच जमायला हवं की डोळे मिटायचे नाहीत. लोक तिला काइक्याकू म्हणतात, समुद्रावरून आलेली परकी, आणि कोउ राज्यात अशा लोकांना पकडतात. एक बाई घरी नेते, खायला घालते, कपडे देते, आणि मग कळतं की ती हिला वेश्यावस्तीत विकायला निघालीये. एक म्हातारा भेटतो, जपानीच, युद्धाच्या वेळी इकडे येऊन पडलेला, तिच्याशी तिच्या भाषेत बोलतो, रडतो, आणि रात्रीत तिचं सामान घेऊन पळून जातो. मग ती दिवसा लपून झोपते, रात्री चालते, भुकेने पोट आत ओढलं गेलेलं, अंगावरचं रक्त तिचं की योमाचं, म्हणजे तिथल्या राक्षसांचं, हेही कळत नाही, आणि हे पानंच्या पानं चालतं. लेखिका ओनो फुयुमी घाई करतच नाही. मुलींसाठीच्या कादंबऱ्यांच्या मालेत १९९२ मध्ये आलेलं हे पुस्तक आहे, आणि त्यात एका मुलीला इतका वेळ इतकं एकटं ठेवायची हिंमत त्या बाईने केली याचं मला आजही नवल वाटतं.

आणि ते निळं माकड. रात्री येतं, हसतं, आणि योकोच्या मनात जे आहे तेच मोठ्याने बोलतं. तुझी कोणी वाट बघत नाहीये, तुला कोणी शोधत नाहीये, कशाला चालतेस, मर की. तलवारीत तिला जपानातली दृश्यं दिसतात, आई रडतेय, वर्गातल्या मुली तिच्याबद्दल काय काय बोलतायत, आणि कळतं की ज्यांच्यासाठी ती आयुष्यभर चांगली मुलगी होऊन राहिली त्यांच्यातल्या कोणालाच ती नीट माहीत नव्हती. मी हे वाचलं तेव्हा पंख्याखाली गादीवर बसले होते, समोर पार्सलचा बिसी बेळे भात गार झालेला, आणि मला अक्षरशः वाटलं की कोणीतरी माझ्या खोलीत आलंय. माझ्यावर काही राक्षस येत नव्हते, कोणी फसवलंही नव्हतं. पण "मस्त चाललंय" म्हणून फोन ठेवल्यावरची जी शांतता असते ना, ती त्या पुस्तकात होती. ती मला दुसरीकडे कुठेच लिहिलेली सापडली नव्हती.

त्या दिवसापासून मी अ‍ॅनिमेवर रुसले. रागावले नाही, रुसले. आपल्या जवळच्या माणसाने आपल्याबद्दलची एक गोष्ट दुसऱ्यांना सांगताना जरा गोड करून सांगितली तर कसं वाटेल, तसं. योकोच्या शेजारी दोन माणसं आणून बसवली की तिचा प्रवास सहलीसारखा होत नाही, हे खरं आहे, ती माणसं तिला त्रासच देतात, लवकरच फाटाफूटही होते. सुगिमोतोला वाटतं खरी निवडलेली मीच, आणि ती कोउच्या राजाच्या बाजूने योकोवरच उलटते. तरीपण. सुरुवातीचे ते भाग, जिथे पुस्तकातली योको एका शब्दासाठी तडफडते, तिथे पडद्यावर तिच्याशी भांडायला का होईना पण कोणीतरी आहे. भांडायला माणूस असणं किती मोठी चैन आहे हे मला त्या पीजीत कळलं होतं.

एक गोष्ट मी त्या रुसव्यातही मान्य केलेली. भाषेची. पुस्तकात योकोला त्या जगातल्या लोकांचं बोलणं पहिल्यापासून कळतं आणि ती त्याचा विचारच करत नाही, आपणही करत नाही, वाचताना सगळंच एका भाषेत असतं ना. मग तो म्हातारा भेटतो आणि त्याच्याकडून कळतं की इथली भाषा जपानी नाहीच, त्याला ती शिकता शिकता वर्षं गेली. तिथे वाचणाऱ्याच्या पायाखालची फरशी सरकते, कारण मग योकोला ती कशी कळते? ती कोण आहे? ही चिमटीएवढी खूण, पण पुढचं सगळं त्यात आहे. पडद्यावर हे असं लपवणं अवघडच होतं. अ‍ॅनिमेत काय केलं, तर असानो आणि सुगिमोतोला ती भाषा कळत नाही, योकोला कळते. लोक ओरडतायत, हे दोघं बावचळून बघतायत, आणि योको म्हणते, असं कसं, ते तर असं म्हणतायत. बस. एका मिनिटात तिघांमध्ये भिंत उभी. योकोला कळतं म्हणून ती वेगळी, आणि सुगिमोतोला कळत नाही म्हणून तिच्या मनात पहिला काटा तिथेच रुतला असणार, की जिची मी आयुष्यभर वाट बघितली त्या जगाची भाषा हिला येते आणि मला नाही. मी ते दृश्य नंतर पुन्हा बघितलं तेव्हा ऑफिसच्या कँटीनमधलं टेबल आठवलं. सगळे कन्नडमध्ये हसायचे आणि मी अर्धा सेकंद उशिरा हसायचे.

म्हणजे तेव्हाही मी योको नव्हते, नीट बघितलं तर. पण मला तसं बघायचं नव्हतं.

पटकथा आइकावा शोची, दिग्दर्शन कोबायाशी त्सुनेओचं, स्टुडिओ पिएरो, आणि जपानच्या एनएचके या सरकारी प्रसारण संस्थेच्या सॅटेलाइट चॅनलवर ९ एप्रिल २००२ ला पहिला भाग. ही माणसं पुस्तक न समजलेली नव्हती, हे मला हळूहळू मान्य करावं लागलं. योको मनातल्या मनात जे बोलते ते पडद्यावर कोणाला तरी मोठ्याने बोलावं लागणार, नाहीतर तासन् तास एक मुलगी गवतातून चालतेय एवढंच दिसेल. माकडावर किती ओझं टाकणार? म्हणून सुगिमोतो. योकोला ज्या गोष्टींची लाज वाटते, म्हणजे वर्गात कोणी एकीला छळत असताना आपण गप्प बसलो, कोणालाच दुखवायचं नाही म्हणून कोणाचेच झालो नाही, ती सगळी लाज त्यांनी चेहरा देऊन, गणवेश घालून तिच्या शेजारी चालायला लावली. आता हे लिहिताना मला हे फार हुशारीचं वाटतंय. पण मी हे वर्षानुवर्षं "घुसवलेली पात्रं" एवढ्या दोन शब्दांत संपवत होते.

आणि राकुशुन. पुस्तकात काय, अ‍ॅनिमेत काय, राकुशुन आला की माझी सगळी तक्रार बंद होते. योको पावसात चिखलात पडलेली, उठायची ताकद नाही, आणि समोर दोन पायांवर उभा असलेला, लहान मुलाएवढा उंदीर. हान्जू, म्हणजे अर्धा माणूस अर्धा जनावर, ज्याला कोउ राज्यात शिकायचाही धड हक्क नाही. तो तिला घरी नेतो, निजवतो, खायला देतो, काही विचारत नाही. आणि योको? ती तलवार जवळ घेऊन झोपते आणि मनात हिशोब करते की याचा उपयोग होईल तोवर करून घ्यायचा. पुढे एका शहराच्या वेशीपाशी योमांचा हल्ला होतो, राकुशुन जखमी होऊन पडतो, आणि ती त्याला तिथेच टाकून पळते. पळाल्यावर तिच्या मनात येतं की परत जाऊन त्याला मारून टाकायला हवं होतं, म्हणजे त्याने कोणाला सांगितलं नसतं. हा विचार माझ्याच डोक्यात आला, हे लक्षात आल्यावर ती जी हादरते, ते पान मी किती वेळा वाचलं असेल. तिथे तिला कळतं की दुसऱ्याने मला फसवलं हा त्याचा प्रश्न, मी विश्वास ठेवायचा की नाही हा माझा. आणि माकड मरतं, आणि तिथे तलवारीचं हरवलेलं म्यान पडलेलं असतं.

मग राकुशुन परत भेटतो आणि त्याला तिचा राग आलेलाच नसतो. पुढे ती राणी आहे हे समजल्यावर तो एकदम अदबीने बोलायला लागतो, लांब उभा राहतो. ती दुखावून म्हणते, आपल्यात अंतर आहे ते फक्त ह्या दोन पावलांचं. आणि तो म्हणतो, माझ्यासाठी तीन. हे पुस्तकात वाचलं तेव्हा मी हसले. पडद्यावर बघितलं तेव्हा रडले, कारण तिथे ते छोटे पाय दिसतात, आणि तो ती तीन पावलं येतो.

आवाजाचंही तसंच आहे. योकोचा आवाज हिसाकावा आयाचा. सुरुवातीला इतका बारीक, इतका माफी मागणारा की रूममेट वैतागून म्हणायची, हिला कोणीतरी दोन थोबाडीत द्या. आणि तोच आवाज ३९व्या भागात दरबारात उभा राहतो. तोपर्यंत योको केइ नावाच्या राज्याची राणी झालीये, पण दरबारातल्या म्हाताऱ्या मंत्र्यांना ती कळत नाही, तिला दरबार कळत नाही, म्हणून ती वेष बदलून लोकांत जाऊन राहते, सुझू आणि शोकेइ या दोन मुलींसोबत बंडात उतरते, आणि परत येऊन पहिला हुकूम काढते. तो काय, तर जमिनीला कपाळ टेकवून लोळण घ्यायची पद्धत बंद, धार्मिक विधी वगैरे सोडून. सगळ्यांनी मान वर करा. तुम्ही प्रत्येकजण आपापल्या राज्याचे राजे व्हा. पुस्तकातही हा शेवट आहे आणि उत्तमच आहे, पण तिथे तो छापील हुकूम वाटतो, आणि अ‍ॅनिमेत ४५ पैकी ३९ भाग आपण त्या आवाजासोबत चाललेलो असतो, त्याचं चिरकणं, दबणं, फुटणं सगळं ऐकलेलं असतं, आणि आता तो कुठेही न चढता सरळ बोलतो. मी इतकी पुस्तकाची बाजू घेणारी, पण हा हुकूम मला कायम त्या आवाजातच ऐकू येतो. आता पुस्तक उघडलं तरी.

बाकी ढिसाळपणा आहेच त्यात. मधेमधे मागच्याच गोष्टीची उजळणी करणारे भाग. यामादा आकिहिरोने पुस्तकांसाठी काढलेली चित्रं ज्यांनी बघितलीयेत, ते रेशमाचे पदर, ते झाडाच्या सालीसारखे खवले, त्यांना टीव्हीवरचे ते सपाट चेहरे बघून जरा कसंतरीच होतं. पण बाळं झाडाला लागतात ते पांढरं झाड, फांदीला नवरा-बायकोने बांधलेली फीत, सोनेरी फळ, हे पडद्यावर बघताना मला वाटतं की मी हे वाचताना असंच मनात रंगवलं होतं. खरं तर उलट आहे. आधी मी ते त्या हॉस्टेलच्या खोलीत बघितलं, आणि मग वाचताना माझ्या मनाने तेच उचललं. माझ्या पुस्तकातली योकोसुद्धा अ‍ॅनिमेची योको आहे. फक्त तिच्या आजूबाजूची माणसं मी पुसून टाकलीयेत.

तो अ‍ॅनिमे अर्धाच राहिला ते दुःख वेगळं. ३० ऑगस्ट २००३ ला ४५वा भाग, त्यातही शेवटची गोष्ट एन राज्याच्या राजाची, पाचशे वर्षांपूर्वीची. लहानगा ताइकी, जो आपल्या राजाला निवडतो आणि मग जपानात हरवतो, त्याचं पुढे काय झालं ते पडद्यावर आलंच नाही. पुस्तकांतही त्याचा धागा २००१ च्या कादंबरीत लोंबकळत राहिला आणि पुढची मोठी कादंबरी यायला २०१९ उजाडलं. अठरा वर्षं! चार खंड, पहिले दोन १२ ऑक्टोबरला, उरलेले ९ नोव्हेंबरला. आणि १२ ऑक्टोबरला जपानमध्ये हागिबिस वादळ धडकलं. मी ऑफिसात बातमी बघत होते, पाण्याखाली गेलेले रस्ते, आणि तेवढ्या काळजीतही मला शोकू आठवलं, ते वादळ, ज्यात दोन जगं एकमेकांना लागतात आणि इकडची माणसं तिकडे जाऊन पडतात. ज्यांनी पहिली पुस्तकं शाळेत असताना वाचली ती माणसं आता चाळिशीत असतील, त्यांनी त्या आठवड्यात ओले बूट घालून दुकानं गाठली असतील असं मला वाटत राहिलं.

पण मी सुगिमोतोबद्दल बोलत होते.

भाचीच्या त्या वाक्यानंतर मला आमच्या आठवीचा वर्ग आठवला. मी मॉनिटर होते. बाकावर तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसायची, तिच्या डब्याला वास येतो असं कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं आणि मग ते ठरूनच गेलं. मधल्या सुट्टीत तिच्या शेजारची जागा रिकामी. मी तिला कधी काही बोलले नाही, हे मी इतकी वर्षं माझ्या बाजूने धरत आले. बाई वर्गात आल्या की फळ्यावर नावं लिहायचं काम माझं, बोलणाऱ्यांची, आणि एकदा तिचं नाव लिहिलं होतं, कारण सगळ्यांनी सांगितलं की तीच बोलत होती. ती बोलत नव्हती. तिच्याशी बोलायला होतं कोण? तिचं आडनाव आठवतं, चेहरा नीट आठवत नाही, खडूचा हात स्कर्टला पुसल्याचं आठवतं. बेंगळुरूमध्ये योकोच्या एकटेपणावर मी एवढी रडले, तेव्हा ही मुलगी मला एकदाही आठवली नव्हती. पहिल्या प्रकरणात सुगिमोतो आहे, हे मी किती वेळा वाचलं असेल, आणि दर वेळी ती पानं भराभर उलटून समुद्रापर्यंत पोचायची मला घाई असायची.

तरीही सुगिमोतोला पुस्तकात आणावं असं मला वाटतं का? नाही वाटत. खूप विचार केला, आणि नाहीच वाटत. मला ती एकटी वाट हवीये, तिथे कोणी यायला नकोय, त्या वाटेने मला एका वाईट वर्षातून बाहेर काढलंय. पण भाचीला अ‍ॅनिमेत सगळ्यात जास्त कोण आवडलं हे मी तिला विचारलं, चार दिवसांनी, अंगणात आकाशकंदील उतरवताना, तर ती लगेच म्हणाली, सुगिमोतो. मी म्हटलं, अगं ती तर योकोला मारायला निघते. तर म्हणाली, हो, पण ती परत घरी जाते ना. कळतं तिला, की ते जग तिचं नाहीये, आणि ती परत त्याच शाळेत जाऊन बसते. योकोला तर राज्य मिळालं. मी कंदिलाची वायर गुंडाळत राहिले. तिला वर्गात कोण मैत्रिणी आहेत, मधल्या सुट्टीत ती कोणासोबत बसते, हे मला माहीत नाही हे तेव्हा लक्षात आलं. टक्के विचारलेत मी. क्लासचं विचारलंय. हे कधी विचारलं नाही. तेव्हाही पटकन विचारता आलं नाही, मी म्हटलं, जपून, तो कोपरा फाटेल.

रात्री मात्र विचारलं, अंथरुणं घालताना. ती म्हणाली, आहे एक, पण ती दुसऱ्या तुकडीत गेली यावर्षी. आणि उशीला खोळ घालायला लागली.

तिने पुस्तक जायच्या आदल्या रात्री संपवलं. मी पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये दिवा चालू, ती सतरंजीवर पालथी, पावसापाशी पोचलेली, म्हणजे राकुशुन यायचा होता. मी काही बोलले नाही, परत जाऊन पडले, पण झोप आली नाही, मी आपली अंदाज बांधत राहिले की आता आला असेल, आता वेशीपाशी असतील, आता पळाली असेल. सकाळी ती निघाली तेव्हा पुस्तक टेबलावर ठेवलेलं होतं. मी म्हटलं, ने की, दुसरंही ने. म्हणाली, दुसरं नेते, हे राहू दे, यात तुझं तिकीट आहे. आणि रिक्षात बसता बसता, मावशी, ती परत येते गं पुस्तकात. मी म्हटलं, कोण? तर म्हणाली, सुगिमोतो. तलवारीत.

वर येऊन मी पुस्तक उघडलं. बसचं तिकीट मी ठेवलेलं होतं त्या पानावर नव्हतं, राकुशुनच्या पानावर असायचं ते. ते मागे सरकवलेलं होतं, तलवारीत वर्ग दिसतो तिथे. योको बेपत्ता झाल्यानंतर वर्गात तिच्याबद्दल बोलणं चाललंय, आणि छळ होणारी ती मुलगीही बोलते. तिला योको आवडत नव्हती. असं ती स्पष्ट म्हणते, सगळ्यांसमोर, आणि का ते सांगते. दुसऱ्या जगात गवतात बसलेली योको हे ऐकतेय आणि तिला उलटून काही बोलता येत नाही. मी ही ओळ आधी वाचलेली असणारच, इतक्यांदा वाचलंय पुस्तक. मी टेबलापाशी उभी राहूनच ती पुन्हा वाचली, आणि तिकीट तिथेच राहू दिलं.